चुकीची शिक्षा किती दिवस?

पत्र, थोडक्यात: ताई, मी २४ वर्षांचा आहे. नोकरीला दीड वर्ष झालं. तीन आठवड्यांपूर्वी एका अहवालात माझ्याकडून जुन्या फाइलमधले आकडे तसेच राहिले आणि तो ग्राहकाकडे गेला. वरिष्ठांच्या लक्षात आलं, दुरुस्त प्रत त्याच दिवशी गेली, आणि 'पुढच्या वेळी तपासून पाठव' एवढंच ते म्हणाले. पण माझ्या डोक्यातून ते जात नाही. रात्री पडलो की 'तू नालायक आहेस, तुला साधं कामही जमत नाही' हे सुरू होतं. आता अहवाल उघडायचीच भीती वाटते, कामं साचतात, आणि त्यावरून पुन्हा तेच. बरोबरीचे सगळे पुढे गेलेत असं वाटतं. 'स्वतःशी प्रेमाने वाग' असं जो तो सांगतो. आरशासमोर उभं राहून 'मी उत्तम आहे' म्हणून पाहिलं, तर स्वतःचाच राग आला. शिवाय स्वतःला रागावणं सोडलं तर मी आळशी होईन अशी धास्तीही आहे. नेमकं करायचं तरी काय? आणि हे बहिणीला सांगावं का?

उत्तर:

आधी तुझ्या धास्तीबद्दल बोलू, कारण ती मनात असेपर्यंत पुढचं काहीही तू अर्ध्या मनानेच करशील. स्वतःला झापलं नाही तर आपण सुस्तावू, असं कष्टाळू मुलामुलींना फार वाटतं. पण तुझंच पत्र पुन्हा वाच. तीन आठवडे तू स्वतःला मनसोक्त झापलंस आणि त्याच तीन आठवड्यांत कामं साचली.

यावर अभ्यासही झाले आहेत. २०१० मध्ये कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञांनी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडे पाहिलं. पहिल्या परीक्षेआधी टाळाटाळ केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं होतं, त्यांनी पुढच्या परीक्षेआधी कमी टाळाटाळ केली. २०१२ मध्ये ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी विद्यार्थ्यांना मुद्दाम अवघड चाचणी दिली. ती नीट गेली नाही म्हणून स्वतःला फार बोल लावू नका, ही चाचणी अनेकांना जड जाते, असं ज्यांना सांगितलं होतं, ते दुसऱ्या चाचणीसाठी इतरांपेक्षा जास्त वेळ अभ्यासाला बसले.

असं का होतं, हे समजायला अवघड नाही. ज्या कामाला अपमान चिकटतो ते काम नकोसं होतं. अहवाल उघडला की 'नालायक' ऐकावं लागणार, हे तुझ्या मनाला पाठ झालंय. म्हणून हात फाइलकडे जात नाही. याला आळस म्हणू नकोस. ही भीती आहे, आणि भीतीवर दरडावणं हा उपाय होऊ शकत नाही. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट भावनांच्या तीन व्यवस्था मांडतात: धोका ओळखणारी, काही मिळवायला धावायला लावणारी आणि शांत करणारी. आतून आलेल्या शिव्याही धोक्याची व्यवस्था जागी करतात. छाती धडधडते, श्वास वर वर चालतो, लक्ष एकाच गोष्टीवर आवळलं जातं. आकडे पडताळायला मात्र शांत, सगळीकडे फिरणारं लक्ष लागतं. भेदरलेल्या माणसाच्या हातून आणखी चुका होतात त्या यामुळे.

तुझ्या वयात हे जास्त बोचतं, त्यालाही कारण आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेफ्री आर्नेट यांनी २००० मध्ये साधारण १८ ते २५ या वर्षांना आयुष्याचा स्वतंत्र टप्पा म्हटलं, कारण या काळात काम, नाती, राहण्याची जागा यातलं काहीच पक्कं झालेलं नसतं. शाळा-कॉलेजात दर वर्षी निकाल लागायचा. आपण कुठे आहोत ते कळायचं, आणि नापास झालो तरी पुढची तारीख ठरलेली असायची. नोकरीत अभ्यासक्रम नाही, गुणपत्रिका नाही. मग माणूस स्वतःच परीक्षक होतो आणि हातात ठोस मोजमाप नसल्यामुळे दिसेल त्या चुकीवरून अख्ख्या माणसाचा निकाल लावून टाकतो.

आता आरशाबद्दल. तुला राग आला यात तुझं काही चुकलं नाही. २००९ मध्ये जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी असंच काहीसं तपासलं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच खालावलेलं होतं, त्यांना 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' असं वाक्य घोकून बरं वाटण्याऐवजी जास्तच वाईट वाटलं. जे पटत नाही ते म्हटलं की मन लगेच उलटे पुरावे काढून दाखवतं. तेव्हा 'मी उत्तम आहे' हे वाक्य सोडून दे. स्वतःशी मायेने वागायला स्वतःची स्तुती करावी लागत नाही.

पहिला आठवडा काहीही बदलू नकोस, मनातला तो झापणारा आवाज फक्त पकड. एक लहान वही घे. फोन चालतो, पण फोन हातात घेतला की भरकटत असशील तर कागदच बरा. पानावर तीन रकाने आख: काय घडलं, मनात नेमके कोणते शब्द आले, आणि पुढच्या तासाभरात मी काय केलं. दिवसाला जास्तीत जास्त तीन नोंदी, प्रत्येक रकान्यात एक-दोन ओळी.

पहिल्या रकान्यात कॅमेऱ्याला दिसलं असतं तेवढंच यायला हवं. 'मी बेजबाबदारपणे अहवाल पाठवला' हा झाला निकाल. 'तक्त्यात जुन्या फाइलमधले आकडे राहिले, वरिष्ठांनी दाखवून दिलं, त्याच दिवशी दुरुस्त प्रत गेली' हे झालं घडलेलं. दुसऱ्या रकान्यात शब्द जसेच्या तसे उतरव. 'वाईट वाटलं' असं गुळमुळीत नको. 'नालायक' आलं असेल तर 'नालायक' लिही. कागदावर ते किती क्रूर दिसतं, हे पाहणंही गरजेचं आहे. तिसरा रकाना लोक हमखास गाळतात, आणि खरी किंमत तिथेच दिसते: 'फाइल बंद केली, चाळीस मिनिटं फोन पाहिला, उत्तर द्यायचं राहिलं.'

आठवड्यानंतर वही चाळलीस की बहुधा दिसेल की वाक्यं दोन-तीनच आहेत, तीच फिरून फिरून येतात, आणि त्यांच्या वेळाही ठरलेल्या आहेत: रात्री उशिरा, पोट रिकामं असताना, झोप अपुरी झाली असताना, दुसऱ्यांच्या बातम्या पाहून झाल्यावर. रात्री दहानंतर आपल्या लायकीचा निकाल लावायचा नाही, असा साधा नियम केलास तरी बराच भार उतरतो. विचार येतील, त्यांना 'उद्या सकाळी बघू' एवढंच उत्तर दे. या टप्प्यावर एक गोष्ट बिघडते. वही म्हणजे आरोपपत्र होतं, दोन ओळींची दोन पानं होतात. दोन ओळी झाल्या की पेन खाली ठेव. एखादा दिवस चुकला तर तो मागाहून भरत बसू नकोस.

दुसऱ्या आठवड्यापासून, तो आवाज सुरू झाला की तीन मिनिटांचं एक काम कर. आधी शरीर, मग शब्द. हा क्रम उलटवू नकोस, कारण छाती धडधडत असताना समजुतीचं वाक्य आत पोचत नाही. पाय जमिनीवर टेकव. चार आकडे मोजत नाकाने श्वास घे, सहा आकडे मोजत सोड. आकडा साधारण एका सेकंदाचा धर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास होतात. दोन मिनिटं पुरे. श्वास जोर लावून खोल ओढू नकोस. त्याने गरगरतं आणि मग 'हेही जमत नाही' सुरू होतं. काहींना श्वासाकडे लक्ष दिलं की उलट घाबरायला होतं. तुझं तसं होत असेल तर श्वास मोजणं सोडून दे आणि तळपायांना जमीन कशी लागते तिकडे लक्ष दे, किंवा आजूबाजूचे तीन आवाज ओळख.

उरलेल्या एका मिनिटात तीन वाक्यं. टेक्सास विद्यापीठातल्या क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये स्वतःबद्दलच्या करुणेचे तीन भाग मांडले: जे होतंय ते न फुगवता, न दडपता पाहणं, हे सगळ्या माणसांचं होतं हे ओळखणं, आणि स्वतःशी कठोर होण्याऐवजी मायेने वागणं. त्यांना धरून तुझी वाक्यं अशी होतील:

'आकडे चुकले हे आठवून आत्ता मला शरम वाटतेय, पोटात गोळा आलाय.'

'नवीन कामात अशी चूक कुणाच्याही हातून होते. म्हणून तर तपासणीच्या पद्धती असतात.'

'आत्ता मला मदत होईल ती एवढीच, की अहवालाचं पहिलं पान उघडायचं आणि दहा मिनिटं बघायचं.'

तिसऱ्या वाक्यात करण्याजोगी एक छोटी गोष्ट हवीच. ती नसली की नुसती सांत्वना उरते, आणि तुला ज्या आळसाची भीती आहे तो तिथून शिरू शकतो. ती गोष्ट नेहमी कामाचीच असायला हवी असंही नाही. रात्रीचा एक वाजला असेल तर पाणी पिऊन दिवा मालवणं हीच त्या वेळची योग्य गोष्ट.

वाक्य खरं आहे का, हे कसं ओळखायचं? तुझ्याच जागी असलेल्या एखाद्या सहकाऱ्याला ते तोंडावर सांगता येईल का, बघ. 'तू ग्रेट आहेस' म्हणताना तू अडखळशील. 'चूक झाली, तू ती निस्तरलीस, आता पुढचं पान बघू' हे सहज म्हणशील. मग तेच वाक्य घे. 'मी' म्हणून जीभ वळत नसेल तर स्वतःचं नाव घेऊन 'तू' म्हण. ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं की ताणाच्या प्रसंगाआधी स्वतःशी नावाने किंवा 'तू' म्हणून बोलणाऱ्यांना 'मी, मी' करणाऱ्यांपेक्षा कमी त्रास झाला आणि नंतर ते त्याच गोष्टीत कमी घोटाळत राहिले. दुसऱ्याला सल्ला देताना आपण जितके समंजस असतो, तेवढा समंजसपणा मग स्वतःच्याही वाट्याला येतो.

आणि हो, एका शब्दावर पाळत ठेव: 'पण'. 'चुका सगळ्यांच्याच होतात, पण तुझ्या जरा जास्तच होतात.' 'निदान', 'तरी', 'एवढंसुद्धा' हे त्याचेच भाऊबंद. वाक्य मायेने सुरू होतं आणि या शब्दापाशी उलटून चावतं. 'पण' आला की तिथेच पूर्णविराम दे आणि पुढचं कापून टाक.

तिसऱ्या आठवड्यात स्वतःला पत्रं लिही. सलग तीन-चार दिवस, रोज १५ ते २० मिनिटं, संध्याकाळी. झोपायच्या तोंडावर नको. तुझं सगळं माहीत असलेला आणि तुझं भलं चिंतणारा एखादा माणूस तुला काय लिहील, अशा अंगाने लिही. विषय मधल्या वजनाचा निवड. आयुष्यातली सगळ्यात खोल जखम पहिल्याच पत्रात काढू नकोस. अहवालाची चूक अगदी योग्य आहे. दुसऱ्या दिवशी वाचून जिथे उपदेश आला असेल तिथे रेघ मार. पहिल्या पत्रात निम्म्या ओळी उपदेशाच्या निघाल्या तर नवल नाही, आपल्याला तेवढंच येत असतं.

हे करताना कधी कधी अचानक रडू येतं किंवा जुनं काहीतरी वर येतं. सौम्य शब्दांची सवय नसलेल्या मनाचं असं होतं. आपल्याला काय मिळालं नव्हतं, ते नेमकं त्या क्षणी जाणवतं. काही बिघडलं असं समजू नकोस. डोळे उघडे ठेव, उठ, चार पावलं चाल, तोंडावर पाणी मार आणि त्या दिवसापुरतं थांब. दुसऱ्या दिवशी पाचच मिनिटं लिही.

आता मूळ चुकीकडे. मायेने वागणं म्हणजे चूक झालीच नाही असं म्हणणं नव्हे, म्हणून हा भाग टाळू नकोस. अर्धा तास ठरवून बस आणि एका कागदावर लिही: माझा वाटा कोणता, माझ्या हातात नव्हतं ते कोणतं. तुझा वाटा बहुधा असा निघेल, की जुनी फाइल नक्कल करून वापरली आणि आकडे मूळ तक्त्याशी ताडून पाहिले नाहीत. यावर उपाय साधे आहेत. फाइलच्या नावात तारीख घाल. जुन्या फाइलवरून काम सुरू करताना आधी सगळे आकडे पुसून रिकामी प्रत कर, म्हणजे राहिलेली जागा डोळ्यांत खुपेल. पाठवण्याआधी किमान वीस मिनिटं दुसरं काही कर आणि मग फक्त आकडे ताड, भाषा वाचू नकोस. आपणच लिहिलेलं लगेच वाचलं की डोळे समोरचं वाचत नाहीत, मनात असलेलं वाचतात. महत्त्वाचा अहवाल असेल तर दुसऱ्या कुणाच्या नजरेखालून घाल.

माफी मागायची राहिली असेल तर एकदाच माग, तीन वाक्यांत: काय चुकलं, त्याने कुणाला काय त्रास झाला, पुढे काय वेगळं करणार. पुन्हा पुन्हा माफी मागितली की समोरच्यालाच आपली समजूत काढावी लागते. तुझी दुरुस्त प्रत गेली आहे, वरिष्ठांनी विषय संपवला आहे. तेव्हा तिथे आणखी काही बोलायची गरज दिसत नाही.

'सगळ्यांच्या लक्षात राहिलं असेल' हे तुझ्या पत्रात थेट नाही, पण ओळींमधून जाणवतं. थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना अवघडल्यासारखं वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवलं. जवळजवळ निम्म्या लोकांनी तो पाहिला असेल असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात सुमारे चौथाई लोकांच्याच लक्षात आलं. लोक आपापल्या चुकांमध्ये गढलेले असतात.

बरोबरीच्यांचं थोडक्यात सांगते. फोनवर तुला त्यांचे निकाल दिसतात, त्यांच्या वहीतला दुसरा रकाना दिसत नाही. झोपण्याआधीचा एक तास ते पाहणं बंद ठेव आणि दोन आठवड्यांनी नोंदी किती कमी झाल्या ते वहीतच बघ.

या सगळ्यात एक सापळा आहे, आणि तुझ्यासारखा काटेकोर मुलगा त्यात हमखास सापडेल, म्हणून जरा थांबून सांगते. स्वतःशी मायेने वागणं हीच नवी परीक्षा होऊन बसते. 'आजही मी स्वतःला शिव्या दिल्या, मला हेसुद्धा जमत नाही.' हे ऐकू आलं की त्यालाही तीच तीन वाक्यं लाव. तो आवाज कायमचा बंद होईल अशी अपेक्षा ठेवू नकोस. पहिला बदल दिसतो तो वेगळाच: आधी दोन दिवसांनी लक्षात यायचं की आपण स्वतःला कुरतडतोय, मग त्याच संध्याकाळी येतं, मग वाक्य अर्ध्यात असताना. मोजायचंच असेल तर हे मोज, की चूक झाल्यापासून पुन्हा कामाला लागेपर्यंत किती वेळ गेला. क्रिस्टिन नेफ आणि क्रिस्टोफर गर्मर यांनी आखलेला प्रशिक्षणक्रम आठ आठवड्यांचा आहे. तेवढा वेळ तूही स्वतःला दे. चार दिवसांत फरक पडला नाही म्हणून सोडू नकोस.

दुसरी गल्लत उलट बाजूने होते. काम टाळायचं, रात्रभर काहीतरी पाहत बसायचं आणि त्याला 'स्वतःचे लाड' म्हणायचं. ओळखायची खूण अशी: उद्या सकाळी उठणारा तू याबद्दल आजच्या तुला धन्यवाद देशील का? विश्रांतीला तो नक्की देईल. टाळाटाळीला बहुधा नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करायला हवी. तुझ्या वरिष्ठांनी शांतपणे विषय संपवला, म्हणून वरचं सगळं लागू पडतं. ज्यांना कामाच्या ठिकाणी किंवा घरी रोज प्रत्यक्षात अपमान सोसावा लागतो, त्यांनी 'मीच स्वतःशी मायेने बोलायला हवं' म्हणत बसू नये. तिथे तोंड उघडणं, मदत मागणं, शक्य असेल तर तिथून बाहेर पडणं, हीच स्वतःवरची माया.

आणि हे नीट वाच. दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज मन खिन्न राहत असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, रोजची कामं होत नसतील, तर वहीवर विसंबू नकोस. डॉक्टरांना, समुपदेशकाला किंवा मानसोपचारतज्ज्ञाला भेट. तुझे तीन आठवडे झाले आहेत आणि रात्रीचा त्रास आहे, तेव्हा एकदा भेटून घेतलंस तर बरंच होईल. स्वतःला इजा करावी किंवा आपण नसलेलंच बरं, असं मनात आलं तर त्याच दिवशी, त्याच तासाला जवळच्या माणसाला सांग, एकटा राहू नकोस, आणि तुझ्या भागातल्या हेल्पलाइनला किंवा रुग्णालयाला गाठ.

बहिणीला जरूर सांग. पण आधी तुला काय हवंय ते तिला सांग, नाहीतर माणसं मायेपोटी लगेच उपाय सुचवू लागतात किंवा 'एवढंसं तर आहे' म्हणून मोकळी होतात. 'मला दहा मिनिटं बोलायचंय, सल्ला नको, फक्त ऐक' एवढं म्हण आणि मग जे घडलं ते पहिल्या रकान्यासारखं सांग. दुसऱ्या रकान्यातले शब्दही वाचून दाखवता आले तर दाखव. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, असं बोलणं झालं तर उत्तम. रोज तिच्याकडे धीर मागायला जाऊ नकोस. त्याने तासाभराची सुटका होते आणि पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो. शेवटी तिलाही विचार, तिच्या नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत काय काय चुकलं होतं, आणि ती सांगेल ते मध्ये न बोलता ऐक.